फुगा दाबणारी आई

परवा शेकायची नवी पिशवी उघडली आणि रबराच्या वासानं मला थेट श्रीगोंद्याच्या दवाखान्यात नेलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. उसातलं गवत काढताना पायाला नाग चावला. दवाखान्यात पोचेपर्यंत पापण्या उचलेनात, जीभ जड झाली, मग श्वासही थांबत आला. डॉक्टरांनी सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं, घशात नळी घातली आणि श्वासासाठी नळीला जोडलेला रबरी फुगा दाबत राहायला आईच्या हातात दिला. माझं अंग लुळं पडलं होतं, पण ऐकू सगळं येत होतं.

"पोरगी गेली, वहिनी," काका म्हणाले. "आता घरी न्हेऊ."

"ती हाय," आई आवाज न चढवता म्हणाली. "मी फुगा सोडनार न्हाई. तुमाला जायचं तर जावा."

मला भीती नाही, राग आला. मी जिवंत असताना हे माझा निकाल लावत होते. सगळा जीव मी पायाच्या अंगठ्यात गोळा केला. अंगठा हलला, पण कुणी पाहिलं नाही. मी पुन्हा हलवला, पुन्हा हलवला.

"बघा," आई म्हणाली.

तेव्हा वाटलं, मी अंगठा हलवला म्हणून वाचले. आज कळतं, तो हलण्याआधी आईकडे कसलाच पुरावा नव्हता.