प्रसाद पोटात असताना

त्या शनिवारी सकाळी जामसावळीच्या निजलेल्या मारुतीपुढे मी हात जोडले ते भांडायलाच. आमच्या ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं आणि पूर्ण भूल द्यावी लागणार होती. झोपवतील सगळे, पण उठवणार कोण, या विचाराने माझा जीव अर्धा झाला होता. "तू इथे खुशाल आडवा पडलायस," मी देवाला सरळ सुनावलं, "माझा माणूस मात्र उठला पाहिजे."

देवळातून मी परस्पर सौंसरच्या दवाखान्यात गेले. हे सासूबाई आणि दिरांबरोबर घरून आले. नागपूरहून येणाऱ्या भूलतज्ज्ञ बाई अजून पोचल्या नव्हत्या आणि सर्जनना घाई झाली होती. "टेक्निशियन भूल सुरू करून देईल, त्या येतीलच," ते म्हणाले. मी टेक्निशियनलाच गाठलं. तो चाचरत बोलला, "ताई, मी मशीन लावतो, औषधं काढून ठेवतो. भूल मॅडमच देतात." झालं! मी थिएटरच्या दारातच उभी राहिले. मॅडम आल्याशिवाय स्ट्रेचर आत जाणार नाही, म्हटलं. सर्जन खेकसले. दीर लाजेने लाल झाले.

"वहिनी, डॉक्टरले शिकवून राहिल्या का तुमी?"

"मारुतीवर भरोसा ठेव ना व माय," सासूबाई कळवळल्या.

"त्याच्यावर आहे, म्हणूनच दुसऱ्या कोणावर आंधळा ठेवत नाही," मी म्हणाले. जागची हलले नाही.

शेवटी मॅडम आल्या. साधा पंजाबी ड्रेस, विस्कटलेले केस. त्यांनी ह्यांना विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?" हे म्हणाले, "काहीच नाही." सासूबाईंनीही मान हलवली. तेवढ्यात ह्यांच्या मिशीत अडकलेला तुपकट कण मला दिसला. मी बोट दाखवलं.

"कणकेचा गोड रोठ व्हय तो, सकाळी घरी मारुतीले चढवलेला," सासूबाई म्हणाल्या. "परसाद काय खानं असते का?"

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "आई, भुलेत पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं, तर जीव जातो." मग सर्जनकडे वळल्या. "आज नाही. कापायचं काम तुमचं, मशीन हा सांभाळतो. ह्यांचा श्वास माझ्याकडे आहे." सर्जननी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली.

दिरांच्या मते तो कण योगायोगाने दिसला. म्हणोत बापडे. मला तो कोणी दाखवला हे मला ठाऊक आहे, आणि त्यावर मी कोणाशी वाद घालत नाही. सासूबाई त्या दिवशी देवघरापुढे बसून खूप रडल्या. मलाही रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोटात पाण्याचा थेंबही नसताना, हे पुन्हा स्ट्रेचरवर होते. मॅडमनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. "उठेपर्यंत मी ह्यांच्या उशाशीच आहे," त्या मला म्हणाल्या. देवाला शरण जायचं म्हणजे डोळे मिटायचे, असं मला आजवर सगळे सांगत आले. मी डोळे उघडे ठेवून त्या बाईकडे नीट पाहिलं, मनात मारुतीचे पाय धरले आणि दारातून बाजूला झाले.