खुंट्यावरचे उलटे वेढे

१९६९चा श्रावण, कानबाईचा रविवार, दुपारची वेळ. बोटीत आम्ही पाच जण — मी, माझे थोरले भाऊ नाना, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मी आयुष्यभर हिशेबाचं काम केलं. जी बेरीज जुळत नाही ती मानायची नाही, हा माझा स्वभाव. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जायचो. म्हणून हे लिहिताना भीती नाही... लाज वाटते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या अलीकडच्या काठाला. नाना पलीकडे, चोपड्याच्या बाजूला राहायचे. त्यांची लहानशी मोटरबोट होती. कानबाई ही आमच्या खानदेशची श्रावणातली देवी. तिच्या रोटाला, म्हणजे प्रसादाच्या जेवणाला, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात, आणि ज्याचे मोजले त्यानं रोट खायला हजर असलंच पाहिजे. म्हणून मी त्यांना आणायला गेलो होतो.

तापी भरून चालली होती. नाना नेहमी सांगायचे, "बोटले ब्रेक नही. पानीच तिना ब्रेक." घाटासमोर आलं की बोटीचं तोंड प्रवाहाकडे वळवायचं, इंजिन हळू करून तिरपं यायचं आणि पुढचा दोर आधी खुंट्याला टाकायचा. दोराचं काम माझ्याकडे होतं.

येताना, आमच्या घाटापाशी वळतानाच इंजिन बंद पडलं. बोट आडवी झाली आणि घाटाखालच्या खडकांकडे ओढली जाऊ लागली. नाना इंजिनाची दोरी ओढत ओरडले, "फेक रे रघू! देखी काय ऱ्हायना?" वहिनींनी मुलांची डोकी पदराखाली दाबली, स्वतःही खाली वाकल्या. आणि मी... मी दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरला आणि डोळे मिटून घेतले. दोर माझ्या पायाशी तसाच पडला होता.

जोराचा हिसका बसला. डोळे उघडले तर बोट प्रवाहाकडे तोंड करून घाटाला लागलेली. दोर खुंट्याला — तीन वेढे, टोक खाली खोचलेलं. घाटावर चिटपाखरू नव्हतं. सगळं गाव आपापल्या कानबाईपाशी. फेकलेल्या दोराचे वेढे पडत नाहीत, ते कोणीतरी उभं राहून घालावे लागतात. आणि हे वेढे उलटे होते, आम्ही घालतो त्याच्या विरुद्ध दिशेनं.

नानांनी मला मिठी मारली. "तुन्हामुये पोरे वाचनात रे!"

"नाना, मी काहीच केलं नाही."

"लाजस काय, येडा!"

भरल्या बोटीचा दोर हातातून सरकला तर कातडं सोलतं. मी त्यांच्यापुढे तळवे धरले — कोरे. त्यांनी पाहिलेही नाहीत.

माझी बायको सुमन डावरी. सणाच्या दिवशी तिला वाढू देत नसत, चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर मांडे करायला बसवत. "डावा हातनं देवीले चालत नही," काकू म्हणायच्या, आणि मी हसायचो. त्या दिवशी ती सकाळपासून खापरापासून हलली नव्हती, असं आईनंच सांगितलं. घर घाटापासून अर्धा मैल. पण विहिरीच्या खुंट्याला दोर ती कशी गुंडाळते, हे मी रोज बघत होतो... उलटे तीन वेढे, टोक खाली खोचून.

ती पाण्याचा तांब्या द्यायला आली. दोन्ही तळव्यांवर लाल पट्टे.

"हे काय?"

"खापरना चटका शे. तुम्ही पानवर बसा."

खापराच्या चटक्यात दोराचा पीळ कसा उमटेल?

संध्याकाळी भाऊबंदांसमोर नानांनी मला टोपी-टॉवेल दिला. मी पुन्हा नाही म्हणालो. सगळ्यांना तो विनय वाटला. आत सुमन तळव्यांना तेल लावत बसली होती.

सहा वर्षं झाली. भीतीनं भान सुटून मीच उडी मारून दोर बांधला, असं धरलं तर तळवे कोरे का? वेढे उलटे का? कुठूनही बेरीज करतो, जुळत नाही. सुमनला विचारलं की एकच उत्तर — खापर.

त्या प्रसंगानंतरच्या पहिल्याच कानबाईला मी अठरा रुपयांचं लुगडं आणलं होतं आणि भाऊबंदांसमोर तिच्यापुढे धरलं.

"हाई कसानं रे, रघू?" काकूंनी विचारलं.

मी लुगडं आणखी पुढे केलं. सुमननं ते घेतलं — डाव्या हातानं.