ऐंशी खोल्यांच्या राजवाड्यातलं प्रेम

राजाराणीच्या प्रेमाचा सिनेमा बघून माणूस उपाशी का उठतं, हे मला सोलापुरात तीनच्या खेळाला कळलं. तेव्हा मी इतकी येडी होते, की कळलेलंही मला कळलं नाही.

वेळापूरकडनं लग्न होऊन मी इथं आले तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. नवरा गिरणीत मागावर कामाला. घर दोन खोल्यांचं आणि माणसं नऊ. रात्री बायका आतल्या खोलीत, पुरुष बाहेरच्या. ‘पाणी तापलंय’, ‘डबा भरलाय’, ‘भोंगा झाला’ एवढ्या बोलण्यावर आमचा सहा महिन्यांचा संसार चालला होता. मला ह्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, फक्त माझ्यासाठीचं. कसलं, ते मलाही सांगता आलं नसतं. पण टांग्यावर कर्णा लावून त्या सिनेमाची जाहिरात गल्लीतनं गेली, पाटीवर राजपुत्र गुडघे टेकून बसलेला आणि सुंदरी मान वळवून उभी, तेव्हा माझी खात्रीच पटली. ते वाक्य ह्या राजपुत्राला येतं. आमच्या ह्यांना तो शिकवील. पोराला शिकवणी लावावी तसं मी नवऱ्याला सिनेमाला न्यायचं ठरवलं. अशी माझी अक्कल.

नव्या जोडप्यानं दोघंच सिनेमाला जायचं, असली बेशिस्त आमच्या घरात नव्हती. सासूबाई बरोबर निघाल्या आणि खुर्च्यांवर बसताना बरोब्बर मधे बसल्या. पदरात भाजलेल्या शेंगा.

सिनेमा तीनशे वर्षांपूर्वीचा म्हणे. सुंदरीच्या चोळीला पाठीमागं चेन होती. पापण्या अशा, की डोळे मिटले तर वारा यावा. राजपुत्र लढाईवरनं आला तो इस्त्रीच्या अंगरख्यात. पण हे सगळं लोक माफ करतात हो. कापडाच्या गावात राहून मीही माफ केलं. खरी गोम पुढं होती. राजपुत्राची अंगठी भलत्याच बाईच्या बोटात दिसली, सुंदरी रुसली, आणि तिनं त्याला विचारलंच नाही. त्यानंही सांगितलं नाही. तो एका सज्जात गाणं म्हणतोय, ती दुसऱ्या सज्जात. मधे तीन वर्षं गेली, असं पडद्यावर लिहून आलं.

सासूबाई शेंग फोडत म्हणाल्या, “तीन वरसं? आन ह्यांचं दळण कोण दळतंय?”

मागच्या रांगेतला कुणी तरी हसला. मी शरमेनं खाली बघितलं. आज वाटतं, त्या सिनेमाबद्दल त्याहून शहाणं कुणी बोललं नसेल. जुन्या काळचं प्रेम दाखवतो म्हणायचं आणि त्यातला काळ तेवढा वगळायचा. ना जेवणं, ना जात्याची घरघर, ना कुणाचं आजारपण, ना घरातल्या नऊ माणसांचे अठरा कान. ऐंशी खोल्या आणि ऐंशी नोकर असले की रुसायला काय जातंय? ज्यांना कशाचीच अडचण नाही त्यांच्यासाठी अडचण उसनी आणावी लागते. मग अंगठी आणतात. आणि बघणारा बिचारा, दोन खोल्यांतनं उठून आलेला, वाट बघत बसतो की ह्यांना आता तरी काही दुखेल.

मी मात्र तेव्हा हुंदके देत होते. सुंदरीसारखी मान वळवून रडायची सवयही करून घेत होते.

मध्यंतरात सासूबाई बाहेर गेल्या. आमच्यामधली खुर्ची रिकामी झाली. हे तिच्यावरनं माझ्याकडं वाकले, तोंडात शेंगदाणे, आणि म्हणाले, “एवढ्या खोल्या, आन दोगांना बोलाया एक गावंना.” मग हळूच, “मी एक खोली बघितलीय. मागच्या गल्लीत. ल्हानी हाय. येशील?”

घ्या. सहा महिने ज्याची वाट बघितली ते वाक्य हे. आणि मी काय केलं? मला राग आला. गुडघे टेकले नाहीत, चांदणं नाही, वर तोंडात शेंगदाणे. मी मान वळवली. म्हटलं, आता हे मनधरणी करतील. ह्यांनी माझ्या मानेकडं थोडा वेळ बघितलं आणि पुढं तोंड करून बसले. सासूबाई आल्या, दिवे मालवले.

पुढचा सिनेमा मला आठवत नाही. पुढचे दिवस आठवतात. डबा भरलाय, पाणी तापलंय. खोलीचं नाव नाही. मी रुसलेली, आणि मी रुसलेय हे घरात कुणाच्या ध्यानात नाही. नऊ माणसांच्या भाकरी थापताना रुसलेलं तोंड दिसतंय कुणाला?

एका दुपारी मी पीठ मळत होते, तेव्हा सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “खोली नगं म्हनालीस म्हनं?”

“मी? मी काय बी म्हटलं न्हाय, आत्याबाई.”

“मग तोंडात गुळनी धरलीवतीस का? त्यो म्हनला, तिला नगं हाय, तिनं मान फिरवली. आज घरमालक दुसऱ्याला देतोय ती खोली.”

“तुमाला चाललं असतं?”

“मला झोपाया जागा हुईल की,” त्या सुपातनं वर न बघता म्हणाल्या. “जा आता. भोंगा व्हायची येळ झाली.”

मी तशीच निघाले, हाताला लागलेलं पीठ घेऊन. गिरणीच्या दारात पाळी सुटत होती, सगळी गल्ली तिथं लोटलेली. केसांत कापसाचं तूस घेऊन हे सायकल ढकलत आले आणि मला बघून घाबरले. घरात कुणी गेलं की काय, असं तोंड.

“येते मी,” मी म्हटलं.

“कुटं?”

“कुटं म्हंजे? खोलीवर.”

आजूबाजूचे चार जण थांबून ऐकायला लागले. ह्यांनी रिकामा डबा माझ्या हातात कोंबला आणि सायकलवर टांग टाकून घरमालकाच्या घराकडं सुटले.