शनिवारी मुंगी खाणारं झाड

मंडळी, लहान पोरं असणाऱ्यांनी जरा वाचा.

आज दुपारी सई आणि तिच्या धाकट्या भावाला घेऊन बागेतल्या काचघरात गेलतो. आत दमट हवा आणि सगळी गर्दी घटपर्णीपाशी. तिच्या पानाच्या टोकाला पेला असतो. त्यात किडा पडला की झाड तो पचवतं.

पेल्याच्या काठावर एक मुंगी फिरत होती. मागनं एकजण म्हणाले, "पावणं, सरका की जरा, आमच्याबी पोरांना बघू द्या."

धाकटा घाबरून मला चिकटला. पाच वर्षांच्या सईनं त्याला समजावलं, "काय होत न्हाय. आज शनिवार हाय, ते खाणार न्हाय." आमच्याकडं शनिवारी मटण-अंडं शिजत नाही, तेवढ्यावर तिचा भरवसा.

तेवढ्यात मुंगी आत घसरली.

सईनं वाकून पेल्यात बघितलं. "पप्पा, त्याला शनिवार म्हाईत न्हाय?"

मी म्हटलं, "झाडाला वार-बिर नसतो."

"आणि मुंगीला?"

मी दोघांना भेळ खायला नेलं.

उद्या रविवार. मटणाच्या रांगेत सई नेहमी माझ्यासोबत असते. तोवर कुणाकडं उत्तर असेल तर सांगा.