अर्ध्या ताटाचा फोटो

"उठ आता. झालं."

रेक्टर सर एवढंच म्हणाले. माझ्या ताटात अर्धी भाकरी होती, वरणात कुस्करलेली. हात बरबटलेला. पाहुण्यांची जीप अजून फाटकातून बाहेर पडायची होती. तिचा आवाज कानावर येत होता.

मी उठलो. शेजारची पोरं जेवत राहिली. कुणी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय झालं असतं म्हणा.

दुष्काळाचं साल होतं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी मुखेडकडच्या एका खेड्यातून तिथं बी.एस्सी.ला आलेलो. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचं बोर्डिंग होतं, त्यात राहायचो. बोर्डिंगच्या मेसचा खर्च सरकारी शिष्यवृत्तीतून जायचा. ती वेळेवर आली तर जेवण. नाही आली तर मेसचं दार बंद. आणि जेवण म्हणजे तरी काय, आम्ही बौद्धवाड्यातली तीन पोरं, सगळ्यांची पंगत उठल्यावर व्हरांड्याच्या टोकाला, मोरीच्या बाजूला.

त्या वेळी शिष्यवृत्ती अडली होती. बारा दिवस मेसचं दार मी आतून पाहिलं नव्हतं. तेराव्या दिवशी दुपारी शिपाई वर्गात आला. म्हणाला, रेक्टर सर बोलवतात, हातपाय धुऊन ये. मला वाटलं पैसे आले.

पैसे आले नव्हते. मुंबईहून देणगीदार पाहुणे आले होते. सरांनी मला पंगतीत बसवलं. मधोमध. डाव्या बाजूला एका पाटलाचा पोरगा, उजव्या बाजूला एका व्यापाऱ्याचा. ताट वाढलं. सर पाहुण्यांना म्हणाले, "हा आमचा नवबौद्ध विद्यार्थी. आमच्याकडं भेद नाही."

पाहुण्यांनी वाकून विचारलं, "संस्था पोटभर जेवू घालते ना?"

मी म्हणालो, "हो."

फोटो निघाला. पाहुणे घाईत होते, लगेच जीपमध्ये बसले. आणि मग ते वाक्य. उठ आता. झालं.

मी हात धुतले आणि वर्गात जाऊन बसलो. कुठला तास होता ते आठवत नाही. वरणाचा वास बोटांना होता, तो आठवतो.

मग त्या बारा दिवसांत आणि पुढच्या बऱ्याच दिवसांत मी काय खाल्लं? मायची सुकडी. माय आमच्या गावाजवळ सरकारी दुष्काळी कामावर, खडी केंद्रावर होती. दिवसभर दगड फोडायची. तिथं मजुरांना सुकडी द्यायचे, पिठाची, गोडसर. माय तिच्या वाट्याची सुकडी फडक्यात बांधायची आणि मुखेडहून सुटणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं द्यायची. मी लातूरच्या स्टँडवर जाऊन घ्यायचो. कंडक्टर भला माणूस. कधी पुडकं हरवलं नाही. ती सुकडी मी पाण्यात कालवून खायचो आणि अभ्यासाला बसायचो. माय तिकडं काय खाते हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सुकडी घशाखाली उतरली नसती, म्हणून विचारलं नाही. खरं ते हे आहे.

पुढं औरंगाबादला भूशास्त्रात एम.एस्सी. केलं. भूजल सर्वेक्षणात नोकरी लागली. गावोगाव फिरायचं, दगड बघायचा, बोअर कुठं घ्यायचा ते सांगायचं. लातूर जिल्हा झाला आणि माझी बदली तिथंच झाली. पाऊस परत दडी मारून बसला होता. नवीन जिल्ह्याच्या कचेऱ्या भाड्याच्या घरांत, टेबलं उसनी, आणि बाहेर टँकर मागायला आलेली माणसं. मी सकाळी निघायचो ते दिवस मावळता परत यायचो. दमून जायचो. पण माझ्या खुणेवर पाणी लागलं की गावातली माणसं साहेब म्हणायची. ते बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

अशात संस्थेचं पत्र आलं. नवा जिल्हा झाला, त्यानिमित्त संस्थेतून शिकून मोठ्या पदाला गेलेल्या सात माजी विद्यार्थ्यांचा गौरव. सोबत आपला परिचय पाठवावा, ही विनंती.

आपल्याकडं परिचय कसा असतो ते माहीत आहेच. ज्याचा सत्कार त्यानंच लिहायचा, पण दुसऱ्यानं लिहिल्यासारखा. 'त्यांनी अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत' वगैरे. मी लिहिला. एक पान झालं. नोकरी, गावं, बोअर. मग वाटलं, संस्थेबद्दल काही नसलं तर बरं दिसणार नाही. शेवटी एक वाक्य घातलं: 'दुष्काळाच्या वर्षी संस्थेने पोटाशी धरले, अन्न दिले, म्हणून त्यांचे शिक्षण पुरे झाले.'

कुणी माझा हात धरला नव्हता. कुणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं, माझ्या पेननं, माझ्या अक्षरात. सही केली.

मायला गावाहून आणलं. नवं लुगडं घेतलं. मांडवात पहिल्या रांगेत आम्ही सातजण बसलो, घरची माणसं शेजारी. माय अंग चोरून बसली होती. खुर्चीच्या काठावर. मी दोनदा म्हणालो, टेकून बस. तिनं मान हलवली आणि तशीच बसली.

आधी स्मरणिकेचं प्रकाशन झालं. मग एकेक प्रत सगळ्यांना वाटली. मायला वाचता येत नाही, पण ती पानं उलटत होती. फोटो बघत होती. एका पानावर थांबली. बोट ठेवलं.

"ह्यो तू हायस."

मी पाहिलं. तीच पंगत. मी मधोमध. पुढ्यात भरलेलं ताट. माझं तोंड किंचित उघडं, बहुतेक 'हो' म्हणतानाचं. खाली छापलं होतं: 'दुष्काळातही एकच पंगत.'

मायनं विचारलं, "काय लिव्हलंय खाली?"

मी वाचून दाखवलं.

तिनं फोटो डोळ्यांजवळ धरला. ताटावर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "हितं तर ताट भरून वाढलंय. मग माझी सुकडी कोन खाल्ली रे?"

 तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. इतकी वर्षं तिला जे माहीत होतं ते एका फोटोनं तिच्यापासून काढून घेतलं होतं. तिला वाटलं, पोरगा इथं पोटभर जेवत होता आणि आपण उगीच उपाशी राहिलो.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर चढलो. माझ्या डोक्यावर फेटा बांधला. माईकवर एक प्राध्यापक परिचय वाचत होते. माझ्या आधी डॉक्टर झालेल्याचा वाचला होता, हुशारी आणि जिद्द. इंजिनिअर झालेल्याचा वाचला होता, जिद्द आणि हुशारी. माझा वाचताना त्यांनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. अन्न दिले, अन्न दिले. वर स्वतःच्या पदरचं घातलं, "नवबौद्ध समाजातलं हे लेकरू आपल्या संस्थेनं वाढवलं, म्हणून आज साहेब झालं." टाळ्या पडल्या. डॉक्टरला पडल्या त्याहून जास्त. त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या, ती माणसं आपल्याच दिलदारपणाला टाळ्या देत होती.

माय टाळ्या वाजवत नव्हती. स्मरणिका मांडीवर मिटून खाली बघत बसली होती.

संस्थेचे अध्यक्ष शाल उघडून पुढं आले. मी म्हणालो, "थांबा."

मी माईकपाशी गेलो.  म्हणालो, "हा परिचय मीच लिहिलाय. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. त्या सालात मेसचं दार मला बंद होतं. फोटोपुरतं मला पंगतीत बसवलं आणि अर्ध्या ताटावरून उठवलं. माझी माय समोर बसलीय. ती खडी फोडून स्वतःच्या वाट्याची सुकडी पाठवायची. मी ती खाल्ली. सगळी मीच खाल्ली."

हे शेवटचं मी तिच्याकडं बघून बोललो.

 मी प्राध्यापकांच्या हातातला कागद घेतला, त्या वाक्यावर काट मारली आणि परत दिला. म्हणालो, "आता वाचा."

त्यांनी वाचलं नाही. अध्यक्षांकडं बघत राहिले.

पुढच्या रांगेत रेक्टर सर होते. म्हातारे झालेले. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "पण साहेब, लिहून तुम्हीच दिलंय ना? सही तुमचीच ना?"

त्यांचं बरोबर होतं. हाच तर घाव होता. पंगतीतल्या पोरानं भुकेपोटी 'हो' म्हटलं होतं. मी तर पोटभर जेवून, खुर्चीत बसून, सावकाश लिहिलं होतं.

मी म्हणालो, "हो सर, माझीच. म्हणून तर मीच खोडलं."

फेटा टेबलावर ठेवला आणि खाली उतरलो.

स्टँडवर मुखेडची गाडी लागायची होती. माय बाकावर बसली होती. शाबास वगैरे काही म्हणाली नाही. ती तशी बाई नाही. फक्त विचारलं, "उठीवलं तवा प्वाट भरलं व्हतं का?"

"न्हाई."

"मला सांगायचंस की."

"काय सांगू माय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मी थकलो होतो. जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

नंतर कळलं, तो फोटो मोठा करून संस्थेच्या कार्यालयात लावलाय. नवीन पोरं प्रवेशाला येतात तेव्हा समोरच दिसतो. मी अर्ज दिला, फोटो उतरवा. उत्तर नाही. दुसऱ्या वर्षी परत दिला. एका क्लार्कनं विचारलं, साहेब, एवढी माया केली संस्थेनं, कशाला ओढून धरता? मी त्याच्याकडून पोच घेतली आणि आलो.

तेव्हापासून दर वर्षी प्रवेश सुरू व्हायच्या आधी मी अर्ज देतो. बदली झाली तरी येऊन दिला. आता निवृत्त झालोय, माय नाही राहिली. पायऱ्या चढताना दम लागतो. तरी जातो. पोचा सगळ्या जपून ठेवल्यात. कुठंही परिचय मागितला तर देत नाही. कुणाच्याही उपकाराचं वाक्य आता माझ्या हातून लिहून होणार नाही.

या वर्षीचा अर्ज काल लिहिला. या वेळी मागणी बदललीय. फोटो उतरवू नका, राहू द्या. फक्त खालची ओळ बदला. तिथं लिहा: 'फोटो काढून झाल्यावर याला अर्ध्या ताटावरून उठवलं.'

ती ओळ लागेपर्यंत मी येणार आहे.