शिडीवर असताना अख्खं औसा फिरलं

औशाच्या शाळेची भिंत आणि शिडीवर मी... "उस्मानाबाद"वर पांढरा हात मारून झाला होता आणि त्या जागी "लातूर" लिहायला घेतलं होतं. लातूर नुकतंच नवीन जिल्हा झालेलं, त्यामुळे आम्हा पेंटर लोकांची नुसती चंगळ. शाळा, सोसायट्या, दवाखाने... ज्याला त्याला पाटीवरचा जिल्हा बदलून हवा होता.

बाकी साल वाईट होतं. दुष्काळ. विहिरींचा तळ दिसायला लागलेला, शेतात नुसती ढेकळं. घरात चूल पेटत होती ती माझ्या ब्रशवर.

तर 'ल' काढला आणि भिंत हळूच डावीकडे सरकली... मला वाटलं शिडी घसरली. मिठी मारली, तर शिडी जागेवरच! शाळा, लिंबाचं झाड, मैदान, सगळं एका बाजूला वाहत चाललेलं, जराही आवाज न करता.

खोटं कशाला बोलू, क्षणभर छान वाटलं. जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं. मग डोळेच उघडवेनात... लोकांनीच मला उतरवून घेतलं.

घरी येऊन पडलो तो पडलोच. आता कारणं काय, ज्याला त्याला माहीत. कोणी म्हणे ऊन लागलं, कोणी म्हणे टर्पेंटाइनचा वास डोक्यात गेला. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "जुन्या जिल्ह्याचं नाव पुसायलाव, कुणाची तरी हाय लागंल की न्हाई?" घ्या! म्हणजे जिल्हा केला सरकारनं आणि हाय लागली पेंटरला.

मी खोलीत अंधार करून, डोळे मिटून निपचित पडायचो. मिटले की उलट जास्तच गरगरायचं, तरी मिटलेलेच. चक्कर आली की हलायचं नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. पडल्यापडल्या एकच विचार... पुन्हा शिडी चढता आली नाही तर? दुसरं काही येतच नव्हतं मला.

आम्हा लिंगायतांत लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घेत नाहीत. माझी बायको महानंदा या बाबतीत लई कडक. तिने मला भिंतीला टेकवून बसवलं, कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायला लावलं. वर चमचाभर पाणी, कारण घागरीत होतंच किती!

"आवं, डोळे उघडा. बघा तरी त्याच्याकडं," ती म्हणाली.

उघडले. खिडकी, फळीवरची भांडी, खुद्द महानंदा, सगळं वाहत होतं... आणि तळहातावरचं ते काळं, गुळगुळीत लिंग तेवढं थांबलेलं. त्याच्यावर नजर रोवली की हळूहळू बाकीचंही मंदावायचं. बाहेर टँकर आल्याचा गलका चालला होता आणि मी कुठल्या तरी तळ्याच्या तळाशी बसल्यासारखा... किती वेळ, कोण जाणे.

गावातल्या डॉक्टरांनी लातूरला कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं. मला हसूच आलं. चक्कर डोक्याला आणि दवाखाना कानाचा!

लातूरच्या त्या कानाच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "मागे सर्दी-ताप येऊन गेला का?" आला होता की. पण सर्दीला कोण विचारतं? ते म्हणाले, कानाच्या आत तोल सांभाळणारी नस असते, एखाद्या व्हायरसनं तिला सूज आली असावी. खात्रीनं सांगता येत नाही, पण बहुतेक तेच.

मला एकच विचारायचं होतं. "डॉक्टरसाहेब, शिडी?"

"पडून राहिलात तर विसरा," ते म्हणाले. "मेंदूला तोल नव्यानं शिकावा लागतो, आणि तो अंथरुणात शिकत नाही." अंगठा समोर धरायचा, नजर त्याच्यावरून हलू द्यायची नाही आणि मान मात्र डावी-उजवीकडे फिरवायची. चक्कर आली तरी. पूजेचं सांगितलं तर हसले. म्हणाले, "मग अर्धा अभ्यास झालाय. आता फक्त मान हलवा."

हलवली! अंगठ्याऐवजी ब्रश धरून हलवली, अंगणात भिंत धरून चाललो, धडपडलो, महानंदावर उगाच खेकसलो. ती मात्र रोज सकाळी "उठा" म्हणायची, बस.

शेवटी एक दिवस पुन्हा औसा. या वेळी महानंदा सोबत आली आणि शिडी धरून उभी राहिली. मी चढलो. वर गेल्यावर सगळं जरासं डुललं... आणि थांबलं. लिंब, मैदान, उन्हातली कौलं, सगळं आपापल्या जागी. इतकं देखणं मी आजवर काही पाहिलेलं नाही.

पाटी पूर्ण करून खाली उतरलो, तर महानंदा तिथेच मातीत मटकन बसली. शिडीला धरून धरून तिचे तळहात लालबुंद झाले होते. पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी घाबरलो, "अगं, काय झालं?"

"काय न्हाई," म्हणाली. "आता मला चक्कर यायली."

इतके दिवस मला वाटत होतं, घाबरलेला मी एकटाच आहे... मी तिच्या शेजारी मातीत बसलो आणि तिचे हात हातात घेतले. भर शाळेसमोर, लोक बघत असताना. तेव्हा आमच्याकडे असं कोणी करत नसे.