नाव गाळून जोडलेलं पुस्तक

नई सडकेवर माझं टाइपसेटिंगचं दुकान आहे, हे या ग्रुपातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. आज दुपारी एक प्राध्यापक आले, सोबत त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. सरांचं पुस्तक लेटेक या टाइपसेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, प्रत्येक धडा वेगळ्या फाइलमध्ये. प्रकाशकाला मात्र सगळं एकाच फाइलमध्ये हवं होतं.

काम सोपं आहे. काळ्या स्क्रीनवर एक कमांड लिहायची, ती सगळे धडे जागच्या जागी आणून जोडते. फक्त छापायच्या नसलेल्या टिपा ती गाळून टाकते.

प्रत्येक धड्याच्या माथ्यावर तशीच एक टीप होती, लिहिणाऱ्याच्या नावाची. सगळीकडे नाव त्या मुलीचं.

तेवढ्यात सर फोन घेऊन दाराशी गेले. माझे कान तिखट. "हो हो, अख्खं मीच लिहिलंय," ते कुणाला तरी सांगत होते.

मी हळूच म्हटलं, "बेटा, टिपा ठेवायचीही सोय आहे. तुझं नाव प्रकाशकापर्यंत जाईल."

"नको काका," ती म्हणाली. "थीसिस पर साइन तो इन्हीं के होने हैं ना."

मी एंटर दाबलं.

सर आत आले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "आभारात हिचं नाव घाला हं. टायपिंगसाठी."

मीही टायपिस्ट म्हणूनच सुरुवात केली होती. पण मी दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करायचो.

आपल्या ग्रुपात पीएचडीचे गाइड बरेच आहेत. तुम्हीच सांगा, तुमच्या पुस्तकात आभार कुणाचे मानलेत, आणि कशाबद्दल?